उंदराला दोरी माहीत नसते

ज्या उंदरासाठी मला सिंगापूरला नोकरी मिळाली, तो सिंगापुरात नव्हताच. एक विमान, एक बस आणि सहा तासांची बोट इतक्या लांबच्या एका लहानशा बेटावर तो राहायचा, आणि अख्ख्या जगात फक्त तिथेच. बेटाचं नाव मी लिहीत नाही. नाव छापलं की प्राणी जमवणारे हौशे तिथे पोचतात, असा आमच्या प्रकल्पप्रमुख बाईंचा अनुभव होता, आणि त्यांना दिलेला शब्द मी अजून पाळते. खरं तर तो उंदीर शिल्लक आहे की नाही हेसुद्धा तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे होती फक्त सात कातडी. फार जुनी, आत कापूस भरलेली, पायाला चिठ्ठी बांधलेली, संग्रहालयातल्या पत्र्याच्या एका खणात ओळीने निजवलेली. तपकिरी पाठ, पांढरं पोट, आणि अंगापेक्षा लांब शेपटी. शेपटीचं टोक पांढरं.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची ही गोष्ट. त्या संग्रहालयात मी संशोधन साहाय्यक होते, म्हणजे बाई सांगतील ते सगळं करायची. बाई सिंगापूरच्याच, चिनी, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. सातही कातड्यांची मापं मी इतक्या वेळा घेतली की डोळे मिटून सांगितली असती. दुपारी डबा खाऊन झाला की मी तो खण विनाकारण उघडून बघायची. एक जिवंत उंदीर बघायला मिळावा, त्या शेपटीचं टोक हलताना दिसावं, एवढीच माझी इच्छा होती. मी उंदराच्या प्रेमात पडले होते असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत.

वर्षातून दोनदा आम्ही बेटावर जायचो. टेकडीवरच्या जंगलात शंभर मीटरची दोरी ताणायची, दर दहा मीटरवर पिंजरा ठेवायचा, पुढे पुन्हा दोरी. साठ पिंजरे. शास्त्रात तसंच करतात, म्हणजे मोजदाद नीट होते. सकाळी बघावं तर काय, पिंजऱ्यात जहाजांबरोबर आलेले काळे उंदीर. ते आमच्या मुंबईच्या चाळीत हवे तेवढे मिळायचे, त्यासाठी बोटीत सहा तास ओकत जायची गरज नव्हती. चार फेऱ्या अशाच गेल्या. प्रकल्पाच्या मुदतीत एकच फेरी उरली. तेव्हाही काही सापडलं नाही तर अहवालात ‘बहुधा नामशेष’ लिहावं लागेल असं बाईंनी सांगितलं. तसं लिहिलं की ती टेकडी राखण्याचं कारण संपणार होतं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आता, तिथे कुणालाच जे ठाऊक नव्हतं ते सांगते. माझे वडील मुंबईच्या म्युनिसिपालिटीत उंदीर पकडायचे. बत्तीस वर्षं.

आप्पा पिंजरे विभागात होते. संध्याकाळी तारेचे पिंजरे घेऊन बाजारात, गोदामांत, चाळींच्या मोरीपाशी लावायचे आणि उजाडल्यावर गोळा करायचे. मग पिंजऱ्यासकट उंदीर पाण्याच्या पिंपात बुडवायचे. घरी आले की लाल साबणाने कोपरापर्यंत तीनदा हात धुवायचे आणि मगच मला जवळ घ्यायचे. त्या साबणाचा वास म्हणजे मला आप्पांचाच वास वाटतो. शाळेत मात्र मी वडिलांचा व्यवसाय विचारला की ‘नोकरी’ म्हणायची. कुणीतरी एकदा शोध लावलाच, आणि पुढची दोन वर्षं मी वर्गात शिरले की पोरं ची-ची करायची. ती गोष्ट मी विसरले असं मला वाटत होतं.

आमच्या घरी रोज संध्याकाळी बुद्धवंदना व्हायची. भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब, खाली मेणबत्ती, आणि आम्ही तिघं. पंचशील घ्यायची वेळ आली की आप्पा पहिल्या शीलाला गप्प बसायचे. जीवहत्या करणार नाही, हे ते पहिलं शील. ते आई आणि मी म्हणायचो, आणि दुसऱ्यापासून आप्पांचा आवाज मिसळायचा. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांचे वडील असंच म्हणतात. पुढे ते रिटायर झाले, आई गेली, तरी त्यांचं तसंच. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “खोटं कसं म्हनू? केलंय ते केलंय. तोंड नाय मला.”

शेवटच्या फेरीच्या आधी आप्पा माझ्याकडे महिनाभर राहायला आले. यिशुनला माझा भाड्याचा फ्लॅट होता, सातव्या मजल्यावर. विमानतळावरून येताना टॅक्सीत ते खिडकीला नाक लावून बसले होते. म्हणाले, “इतकं स्वच्छ? मग उंदीर खातात काय इथं?”

तिसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर आप्पा खाली कचऱ्याच्या खोलीमागे उकिडवे बसलेले. शेजारी झाडूवाला, बांगलादेशचा. दोघांचं हिंदीत जोरात चाललेलं. आप्पांनी मला हाक मारली आणि झुडपाखालचं भोक दाखवलं. “घर नवीन हाय. आठ-दहा दिवसांचं. माती बघ, अजून ओली हाय.” परक्या गावात गाववाला भेटावा तसा चेहरा खुलला होता त्यांचा. मला मात्र वर गॅलरीतून कोण बघतंय याचीच काळजी. “आप्पा, चला वर,” मी म्हटलं. ते उठले, पँट झटकली आणि झाडूवाल्याला सलाम करून मुकाट्याने माझ्यामागे आले. त्या मुकाट्याने येण्याचा मला आज त्रास होतो. तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं.

त्याच आठवड्यात बुद्धपौर्णिमा होती. सिंगापुरातली आपली बौद्ध कुटुंबं सेरंगूनला एक हॉल भाड्याने घेऊन जमायची. सगळे इंजिनियर, संशोधक. पांढरे कपडे, खिरीची पातेली, आणि मराठीत विचारलं तरी सिंगापुरी इंग्रजीत “नो, लाह” म्हणणारी पोरं. वंदना सुरू झाली. पहिलं शील शंभरेक माणसं एका आवाजात म्हणत होती आणि माझ्या शेजारी आप्पा ओठ मिटून उभे होते. कुणाच्या लक्षात आलं नसेल. माझ्या आलं.

खीर घेताना पुण्याच्या एका इंजिनियरने अदबीने विचारलं, “काका, तुम्ही कशात होतात?”

“मी पिंजरे…” आप्पांनी सुरुवात केली.

“आरोग्य खात्यात होते,” मी म्हटलं.

आप्पांनी चमचा वाटीत ठेवला. त्या हॉलमधल्या निम्म्या लोकांचे बाप कुठे ना कुठे असंच काम करून त्यांना शिकवत आले असणार. कुणी तोंड वाकडं केलं नसतं, उलट त्यांना दोन गोष्टी विचारल्या असत्या. हे सगळं मला कळत होतं. पण अक्कल कळण्यापुरतीच होती, जीभ शाळेतल्या पोरीचीच राहिली होती. परतताना एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, आप्पा म्हणाले, “आरोग्य खातंच की ते. बरोबर बोललीस.” आणि पुढे यिशुन येईपर्यंत ते स्टेशनांची नावं वाचत राहिले.

पुढच्या शनिवारी मी त्यांना संग्रहालयात नेलं. शनिवारी कुणी नसतं म्हणून शनिवार. खण उघडला. आप्पा बराच वेळ हात मागे बांधून बघत राहिले. मग विचारलं, “हात लावू?” मी हातमोजे दिले. त्यांनी एक कातडं उचललं, पण शेपटीला धरून नाही. मान आणि कंबर दोन्हीला खालून आधार देऊन, तान्हं मूल घ्यावं तसं. पोटाकडचे केस बोटाने बाजूला केले.

“ही लेकुरवाळी होती,” ते म्हणाले. “थानं बघ. अंगावर पाजत होती.” मग म्हणाले, “हिला धरली तेव्हा पोरं कुठं असतील?”

दोन वर्षं मी ते कातडं मापत होते. चिठ्ठीवर ‘मादी’ लिहिलेलं होतं, तेवढंच मला माहीत होतं.

नेमक्या तेव्हाच बाई आल्या. त्यांचं कुठलंसं पुस्तक राहिलं होतं. मी ओळख करून दिली. बाई आप्पांच्या हाताकडे बघत होत्या. मला इंग्रजीत म्हणाल्या, “प्राणी धरण्याची यांची पद्धत फार चांगली आहे. काय काम करायचे?” मी तोंड उघडायच्या आत आप्पा स्वतःच म्हणाले, “हेल्थ डिपार्टमेंट.” इंग्रजीत, नीट उच्चारून. आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. मी सांभाळून घेतलं बघ, असं होतं ते. माझ्या खोट्याला माझ्या बापाने टेकू दिला, आणि मी तो घेतला.

त्या संध्याकाळी मी आमचा एक पिंजरा घरी आणला होता, बिजागरी दुरुस्त करायला. घडीचा, पत्र्याचा. आप्पांनी तो मागितला, उलटासुलटा केला, हुंगला. मग स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून माझी उलटतपासणी घेतली. एरवी कमी बोलणारा माणूस, पण त्या तासाभरात मी त्यांना जेवढं बोलताना ऐकलं तेवढं आयुष्यात कधी ऐकलं नाही.

“धुता याला?”

“हो. दर वेळी, जंतुनाशकाने.”

“दवाखान्यात कोन जातंय जेवायला? नुसत्या पाण्यानं धुवायचं. ठेवता कुठं?”

मी दोरीचं सांगितलं. आप्पा हसायला लागले. “उंदराला दोरी माहीत असते व्हय? त्याचा रस्ता असतो. तो रस्ता सोडून जात नाय, मेला तरी. रोज जाऊन जाऊन अंगाचं तेल लागतं तिथं, काळी पट्टी पडते. ती शोध आधी. पायाच्या गाद्या बघितल्या मी, चढनारा हाय तो. खाली काय हुडकतीस? वेली बघ, आडवी पडलेली झाडं बघ.”

“आणि?”

“आनि पहिले तीन दिवस दार बांधून ठेवायचं. आमिष ठेव, खाऊ दे, जाऊ दे. घाबरट जात हाय. धटिंगन असतात ते पहिल्या दिवशी शिरतात. हा कोपऱ्यातून बघत बसनार. घर आपलं वाटलं की येईल. चौथ्या दिवशी दार सोड.” त्यांनी पिंजऱ्याचं दार दोनदा उघडमीट केलं. “आधी जेवू घालायचं, मग धरायचं. पाप हाय तसं. पन तू तर सोडनार ना पुन्हा?”

“सोडणार.”

“मग पाप नाय.”

झोपायला जाताना ते सहज बोलल्यासारखं म्हणाले, “सामान उचलायला मानूस लागत असंल ना तिकडं? माझ्या इथं राहायच्या पासाचे दिवस वाढतील का?”

त्यांना यायचं होतं. एवढ्या वर्षांत त्यांनी काही मागितलं नव्हतं. बेटावर आठ दिवस बाई बरोबर असणार, आणि आठ दिवस आरोग्य खातं टिकणार नाही, हे माझ्या मनात आलं. मी म्हटलं, “बाहेरच्या माणसाला परवानगी नसते, आप्पा.”

“असंल, असंल,” ते म्हणाले आणि दिवा मालवला. ठरलेल्या तारखेला ते परत गेले. जाताना खालच्या झाडूवाल्याला भेटून गेले.

बेटावर पोचल्यावर मी बाईंना म्हटलं, मला बारा पिंजरे वेगळ्या पद्धतीने लावू द्या. कशी पद्धत ते सांगितलं. “आमच्याकडे लोक असं करतात.”

“कोण लोक?”

“लोक.”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “कॅन. बारा घे.” तिथल्या इंग्रजीत ‘चालेल’ला एवढंच म्हणतात.

दोन दिवस मी टेकडीवर वेली चाचपत फिरले. जळवा, काटे, घाम. पहिल्या दिवशी काहीच दिसेना आणि मला आप्पांचा राग आला. चाळीतल्या भिंती आणि जंगल एक आहे का, असं मनात म्हणून घेतलं. दुसऱ्या दिवशी एका ओढ्यावर आडव्या पडलेल्या खोडावर बोट फिरवलं तर ते बोट काळं झालं. तेलकट. तिथून एक जाड वेल वर गेली होती, आणि तिच्यावर बोटभर रुंद, चकचकीत पट्टी. दोन वर्षं आम्ही त्या ओढ्यात पाय धुवायचो.

बारा पिंजरे बांधले, काही खोडावर, बाकीचे वेलींच्या बेचक्यांत. दारं तारेने उघडी करून ठेवली. पहिल्या दिवशी आमिष मुंग्यांनी खाल्लं. दुसऱ्या दिवशी दोन पिंजऱ्यांतलं गेलं. तिसऱ्या दिवशी सात. चौथ्या संध्याकाळी मी तारा सोडल्या.

सकाळी पाचात काळे उंदीर, सहा रिकामे. ओढ्यावरच्या खोडावरचा शेवटचा पिंजरा लांबूनच बंद दिसला. जवळ गेले तर दाराच्या फटीतून शेपटीचं टोक बाहेर आलं होतं. पांढरं. आणि ते हलत होतं. मी तिथेच ओल्या खोडावर बसले आणि रडले. मागून बाई आल्या, त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पुसला.

मादी होती. आम्ही तिला कापडी पिशवीत घेऊन वजन केलं, मापं घेतली, फोटो काढले. मी तिला मान आणि कंबर खालून धरली होती. बोटाखाली तिचं काळीज जोरात उडत होतं. बाईंनी नोंदीचा कागद पुढे केला. त्यात ‘पद्धत’ असा एक रकाना असतो. “आता सांग,” त्या म्हणाल्या. “कोण लोक?”

मी सांगितलं. म्युनिसिपालिटी, पिंप, बत्तीस वर्षं, लाल साबण, सगळं. बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “त्या शनिवारी मला वाटलंच होतं. मग त्यांना बरोबर का नाही आणलंस?”

“परवानगी…”

“परवानगी मीच देते. तू विचारलंच नाहीस.”

त्यांनी ते रागाने म्हटलं नाही. पण आज इतक्या वर्षांनीही ते वाक्य मला त्यांच्या आवाजात जसंच्या तसं ऐकू येतं. त्या खोडावर माझ्या शेजारी पांढरा सदरा घातलेला एक म्हातारा उकिडवा बसलेला असायला हवा होता, आणि मी त्याला आणलं नव्हतं. रकान्यात मी लिहिलं: ‘मुंबईचे निवृत्त उंदीर पकडणारे, माझे वडील, यांची पद्धत.’ बाईंनी खाली सही केली.

बेटावर फोन नव्हता. यिशुनला पोचल्यावर बूटही न काढता मी फोनचं कार्ड खरवडलं आणि नंबर लावला.

“घावला?” आप्पांनी विचारलं.

“घावली. मादी आहे. शेवटच्या पिंजऱ्यात.”

मग, “सोडलीस ना?”

“सोडली.”

“कसं सोडतात?”

मला प्रश्न समजला नाही. “म्हणजे?”

“म्हंजे कसं करतात? मी कधी केलं नाय ना ते.”

मी खाली बसले. त्यांना सगळं सांगितलं. जिथे धरली तिथेच नेऊन सोडायची. दाराचं तोंड वेलीकडे करायचं. दार उघडायचं आणि आपण मागे सरून उभं राहायचं, बोलायचं नाही. 

“मग?”

“मग बराच वेळ ती आतच बसली.”

“घाबरली असंल. मग?”

“मग मिशा बाहेर आल्या. मग तोंड. मग एकदम वेलीवर चढली.”

“मागं बघितलं?”

“नाही. शेपटीचं टोक दिसत होतं पानांत. मग तेही गेलं.”

“गेली,” आप्पा म्हणाले. “बरं झालं.” कार्ड संपत आल्याची सूचना मध्येच वाजली. मला त्यांना सांगायचं होतं की मी परवानगी मागितलीच नव्हती, की पुढच्या वेळी तुम्हाला घेऊन जाईन. त्यांनी मला बोलू दिलं नाही. म्हणाले, “ऐक, बाय. उद्यापासनं मी पहिल्यापासनं म्हनतो.” आणि फोन तुटला.

टेकडी राहिली. पुढे काही वर्षांनी मी आणखी दोनदा तिथे गेले, त्याच जातीचे उंदीर पुन्हा बघितले. पण लगेचची पुढची फेरी आप्पांना घेऊन करायची असं मी आणि बाईंनी ठरवलं होतं, त्यांचा पासपोर्टही नवा करायला टाकला होता. तो हातात यायच्या आधीच एका दुपारी झोपेत ते गेले. मी पोचले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं.

शेजारच्या काकूंनी मला जवळ घेऊन सांगितलं की शेवटचं वर्षभर आप्पा संध्याकाळी एकटेच मेणबत्ती लावून वंदना म्हणायचे, आणि पहिलं शील तर इतकं मोठ्याने की भिंतीपलीकडे त्यांना स्वयंपाक करताना ऐकू यायचं. काकूंनी ते रोज ऐकलं. मी एकदाही नाही.